आधी तिचं पान



वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेवर आपल्या अंकाचं संपादकीय लिहावं का, यावर आमच्या गटात चांगलाच वाद झाला. आक्षेप दोन होते. पहिला असा, की बाईचं शरीर साच्यात बसवणाऱ्या बाजाराशी आपण आजवर भांडत आलो. 1996 साली बंगळूरला जगत्सुंदरी स्पर्धा भरली तेव्हा स्त्री-संघटना निषेधासाठी रस्त्यावर उतरल्या होत्या. मग आज आपणच बारीक होण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल कसं काय लिहायचं? दुसरा आक्षेप जास्त बोचणारा होता. ज्या विदर्भात मेळघाट आहे, तिथं जादा वजनाची चर्चा म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले नव्हेत का?

दोन्ही प्रश्न टाळण्यासारखे नाहीत. तरीही मी लिहायचं ठरवलं, कारण तीन वर्षांपूर्वी इथं नागपुरात माझी स्वतःची ही शस्त्रक्रिया झाली. मधुमेह, झिजलेले गुडघे आणि झोपेत अडकणारा श्वास या तीन कारणांसाठी झाली. त्यानंतर मला जे कळलं ते वजनापेक्षा जेवणाबद्दलचं आहे, आणि जेवण हा बायकांचा जुना, न सुटलेला प्रश्न आहे.

लोक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला: "किती किलो उतरले?" हा आकडा मी इथं देणार नाही. 2017 साली इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाहून इमान अहमद नावाच्या तरुणीला याच शस्त्रक्रियेसाठी विमानानं मुंबईला आणलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. फेब्रुवारीत ती आली, मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, मे महिन्यात तिला अबुधाबीला नेलं आणि सप्टेंबरमध्ये तिथंच ती वारली. तिचे किलो साऱ्या जगाला पाठ होते. तिला काय हवं होतं, काय खावंसं वाटत होतं, हे आपल्यापैकी किती जणींना आठवतं? बाईला किलोंत मोजायची ही सवय आपल्या अंकात तरी नको.

आता ही शस्त्रक्रिया म्हणजे नेमकं काय ते सांगते, कारण याबद्दल आपल्याकडे एक तर जाहिरात मिळते नाही तर कुजबुज. 1966 साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो या डॉक्टरांनी वजनासाठी जठराचा बायपास पहिल्यांदा केला. पोटातल्या अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बायकांचं वजन पुन्हा वाढत नाही, हे मेसन यांच्या लक्षात आलं होतं. आज आपल्याकडे दोन प्रकार जास्त होतात. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. दुसरा प्रकार 'स्लीव्ह'चा. त्यात जठराचा सुमारे पाऊण भाग कायमचा काढून टाकतात आणि उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. माझी ही दुसरी. दोन्ही शस्त्रक्रिया बहुतेक वेळा दुर्बिणीतून होतात आणि काही दिवसांत बाई घरी येते. उपचार म्हणून त्यांचा उपयोग मोठा आहे. अनेकांचा मधुमेह आटोक्यात येतो, आणि स्वीडनमध्ये 1987 साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. जगभर ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत बायका बहुसंख्य आहेत. स्थूलपणा पुरुषांतही कमी नाही, पण स्वतःच्या शरीराची लाज वाटायला मात्र आपल्यालाच शिकवलेलं असतं.

सर्जनचं काम दोन-तीन तासांत संपतं. त्यानंतरचं काम बाईच्या ताटात चालतं आणि ते जन्मभर चालतं. मला जे सांगायचं आहे ते एवढंच: शस्त्रक्रिया पोटावर होते, पण बाई बरी होणार की नाही हे घरातल्या जेवणाच्या रीतीवर ठरतं. आणि ती रीत अजून तीच आहे. बाई शेवटी जेवते, उरलेलं जेवते, उभ्या उभ्या जेवते.

पहिले दिवस औषधाच्या मापाच्या छोट्या कपानं पाणी घ्यायचं, तेही घोट घोट. साधारण दोन आठवडे सगळं पातळ: वरणाचं पाणी, ताक, गाळलेलं सूप, दूध. मग मिक्सरमधून काढलेलं. मग मऊ: गुरगुट्या भात, मऊ वरण, दही, नीट शिजवून कुस्करलेलं अंडं. दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं जेवण, पण अर्ध्या वाटीचं. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. प्रत्येक घास पिठासारखा होईपर्यंत चावायचा. एका जेवणाला वीस मिनिटं ते अर्धा तास. जेवताना पाणी नाही आणि जेवल्यावर अर्धा तास नाही. पहिला घास प्रथिनांचा म्हणजे वरण, अंडं, पनीर, मासळी यांचा. पोळी-भात नंतर, जागा उरली तर. घाई केली तर घास छातीत अडकल्यासारखा होतो, तोंडाला पाणी सुटतं आणि सगळं उलटून पडतं. गोड जास्त खाल्लं तर, विशेषतः बायपासनंतर, धडधड, घाम, चक्कर आणि जुलाब. त्यामुळं आपली संत्रा बर्फीसुद्धा जपून.

कागदावर हे सोपं दिसतं. आता आपल्या घरात आणून पाहा. सकाळी डबे, मग मुलं, मग सासूबाईंचा चहा-औषध, मग नोकरी. अर्धा तास एका जागी बसून, सावकाश चावत, आपल्यापुरतं ताजं गरम जेवणारी बाई तुम्ही कुठल्या घरात पाहिली आहे? आमच्या गटातली एक शिक्षिका मैत्रीण शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांनी म्हणाली, "ताई, पोटात टाके आहेत म्हणून सगळे काळजी घेतात. पण मी सगळ्यांच्या आधी ताट वाढून घेतलं की घरात अशी शांतता होते, जसं काही मी चोरी केली." तिच्या घरचे लोक वाईट नाहीत. त्यांनी घरातली बाई आधी जेवताना कधी पाहिलेलीच नाही, एवढंच.

याहून एक धोका आहे, तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. भुकेची जाणीव देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं. स्लीव्हमध्ये तोच भाग जातो. त्यामुळं पुढचे काही महिने भूक जवळजवळ लागतच नाही. पुरुषाची भूक गेली तर घर हवालदिल होतं. बाईची गेली तर कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तिची भूक कुणी कधी मोजलेलीच नसते. शिवाय न खाणं हा आपल्याकडे बाईचा गुण आहे. जिला लहानपणापासून "पोरीच्या जातीनं एवढं खाऊ नये" असं ऐकवलं, तिला आता न खाण्याचं डॉक्टरी कारणच मिळतं. वजन भराभर उतरतं, शेजारणी कौतुक करतात, आणि आत मात्र स्नायू झिजत असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मुठीमुठीनं गळतात. ते बहुतेक वेळा पुन्हा येतात, पण खाणं नीट असेल तर.

दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. 100 ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. पेलाभर दुधात सहा-सात. हा हिशेब जमवायला बसलं की कळतं, घरातलं दूध कुणाला जातं, अंडी कुणाला जातात आणि सावजी रश्श्यातले तुकडे कुणाच्या वाटीत पडतात. बाईच्या वाट्याला येते तर्री आणि भात. प्रथिनांच्या पावडरचा डबा महाग पडतो आणि तो फक्त आपल्यासाठी आणायला बाई कचरते. आमच्या विदर्भात सोयाबीन अमाप पिकतं, ते तेलाच्या गिरणीत जातं. पंचवीस ग्रॅम सोयावडीत बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं असतात. मऊ शिजवून, बारीक करून ती वरणात घालता येते. माझी शस्त्रक्रिया झाली तिथं हातात जो आहाराचा तक्ता पडला तो इंग्रजीत होता आणि त्यात ओट्स, ब्रोकोलीचं सूप असलं काहीबाही होतं. आम्ही गटात बसून त्याचं मराठी केलं: मुगाचं पातळ वरण, ताकातलं पीठलं, चाळीस मिनिटं भिजवलेली आणि वाटलेली सोयावडी, दह्यात कालवलेलं पनीर. आमच्या आहारतज्ज्ञ मैत्रिणीनं तो तपासून दिला. ज्यांना हवा त्यांनी कळवावं, पाठवू.

पाण्याचंही तसंच. दिवसाला दीड-दोन लिटर पाणी पोटात जायला हवं आणि ते गटागटा पिता येत नाही, दिवसभर घोट घोट घ्यावं लागतं. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो. शरीरातलं पाणी कमी होऊन शस्त्रक्रियेनंतर पुन्हा भरती होण्याची वेळ येते. पण बाहेर काम करणारी बाई दिवसभर पाणी का पीत नाही, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. जवळ धड स्वच्छतागृह नसतं म्हणून. मुंबईत 2011 पासून 'राइट टू पी' मोहीम याच हक्कासाठी चालली. बाटली जवळ ठेवा, असा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांनी सीताबर्डीच्या बाजारात दिवसभर उभं राहणाऱ्या विक्रेत्या मुलीला पुढचं उत्तरही द्यावं.

आणि उपास. हरतालिकेचा निर्जळ, चतुर्थीचा, गुरुवारचा, वटसावित्रीचा. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. असतो तो सगळा पिष्टाचा गोळा. निर्जळ राहणं तर या शरीराला सोसतच नाही. श्रद्धा ज्याची त्याची, तिच्याशी मी इथं भांडत नाही. पण वर्षभर दुसऱ्यांच्या आयुष्यासाठी उपाशी राहायचं आणि स्वतःच्या आयुष्यासाठी चार घास वेळेवर खायला संकोचायचं, हा हिशेब एकदा तपासायला हवा. महालक्ष्म्यांच्या जेवणाला सवाष्ण म्हणून बसवून "एवढं तरी घ्याच" असा आग्रह करणाऱ्याही आपणच असतो. अर्धी वाटी खाऊन हात आखडणाऱ्या बाईला अन्नाचा अपमान केला असं वाटू न देणं, एवढं तर आपल्या हातात आहे. आणि मुलांच्या ताटातलं टाकवत नाही म्हणून ते आपल्या पोटात टाकणं हेही थांबायला हवं. आपलं पोट म्हणजे खरकट्याची बादली नव्हे.

आता चोचल्यांच्या आक्षेपाकडे येते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी सुमारे 21 टक्के कमी वजनाच्या आणि सुमारे 23 टक्के जादा वजनाच्या आढळल्या. रक्तक्षय 54 टक्क्यांना. हे तिन्ही आकडे एकाच राज्यातले, पुष्कळदा एकाच वस्तीतले आहेत. स्वस्त धान्य, तेल आणि साखर यांनी पोट भरतं, पण डाळ-दूध-अंडी बाईपर्यंत पोचत नाहीत. मग एकीचं शरीर वाळतं आणि दुसरीचं सुजल्यासारखं वाढतं. रक्त दोघींच्याही अंगात कमी. म्हणून मेळघाटातल्या बाईचा आणि माझा प्रश्न परस्परविरोधी नाही. तिचा कितीतरी जास्त तीव्र आहे, पण मूळ एकाच ताटात आहे.

या शस्त्रक्रियेनंतर रक्तक्षयाची भीती आणखी वाढते, म्हणून हा भाग लक्षपूर्वक वाचा. लोह, बी-12, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावं लागतं आणि ठरावीक काळानं रक्त तपासावं लागतं. वजन उतरलं, आता गोळ्या कशाला, असं म्हणून त्या बंद करू नयेत. उलट्या थांबत नसतील तर बी-1 कमी होऊन मेंदूवर आणि नसांवर परिणाम होऊ शकतो. तेव्हा "पचलं नसेल" म्हणत घरी थांबू नका. पहिल्या आठवड्यांत ताप, नाडी जोरात चालणं, पोटात तीव्र कळ, धाप किंवा पायाला सूज यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. निदान वर्ष-दीड वर्ष दिवस राहू देऊ नयेत. वजन उतरलं की पाळी नियमित होऊन दिवस राहण्याची शक्यता उलट वाढते. बायपासनंतर तोंडानं घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होऊ शकतो, म्हणून दुसऱ्या साधनाबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. "लग्न जमत नाही म्हणून" किंवा "लवकर मूल हवं म्हणून" घरच्यांनी शस्त्रक्रियेला उभं केलेल्या मुलींना हे कुणी तरी सांगायलाच हवं.

संमतीचाही मुद्दा आहे. 2008 साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईच्या शस्त्रक्रियेसाठी तिची स्वतःची, माहिती घेऊन दिलेली संमती हवी. आईची सही तिच्या जागी चालत नाही. मग नवऱ्याची आणि सासऱ्याची कुठून चालणार? तिला नको असताना कुणी तिला टेबलावर चढवू नये आणि तिला हवी असताना कुणी अडवू नये.

पैशाचं म्हणाल तर विमा नियामक प्राधिकरणाच्या 2019 च्या नियमांप्रमाणे विमा कंपन्या ही शस्त्रक्रिया वगळू शकत नाहीत, असे काही निकष आहेत. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 40 किंवा त्याहून जास्त हवा. किंवा 35 आणि सोबत अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार, झोपेतला तीव्र श्वासरोध यांसारखा गंभीर आजार. 155 सेंटिमीटर उंचीच्या बाईला 40 चा आकडा गाठायला 96 किलो व्हावं लागतं. भारतीय तज्ज्ञांनी 2009 साली सुचवलेल्या मर्यादा 37.5 आणि आजार असल्यास 32.5 अशा आहेत, कारण आपल्या लोकांना मधुमेह कमी वजनावरच गाठतो. या दोन मापांच्या मध्ये जी बाई अडकते, तिला डॉक्टर म्हणतात कर आणि विमा कंपनी म्हणते अजून वाढ. 2025 पासून भारतात वजन उतरवणारी आठवड्याची इंजेक्शनंही विकली जात आहेत. त्यांनीही भूक कमी होते, तेव्हा ताटाचा प्रश्न तिथंही हाच.

घरातलं नातंही हलतं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडिश अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर जोडपी विभक्त होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं आणि एकट्या माणसांची लग्नं होण्याचंही. यानं घाबरून जायचं कारण नाही. जी बाई स्वतःच्या जेवणाची वेळ ठरवते, ती हळूहळू आणखीही काही ठरवू लागते, असा याचा अर्थ मी घेते. सगळ्यांनाच ते रुचेल असं नाही. अशा वेळी मन खचलं, रडू येत राहिलं, तर तोही उपचाराचाच भाग समजून मदत मागावी.

मग मागण्या काय? जिथं ही शस्त्रक्रिया होते तिथं मराठीतला, इथल्या अन्नाचा आहारतक्ता आणि निदान पाच वर्षं पाठपुरावा. मेडिकल, मेयोसारख्या सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया कुठंही झालेली असो, बी-12 आणि लोहाची तपासणी व गोळ्या परवडणाऱ्या दरात. रेशनवर डाळ, नियमित. आणि कामाच्या ठिकाणी बरं होण्यापुरती पगारी रजा. ही शेवटची मागणी नागपूरला नवी नाही. जुलै 1942 मध्ये सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली याच शहरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली होती. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका, रेल्वे यांत राबणाऱ्या बायकांसाठी रजा आणि पेन्शन हवी, असे ठराव त्या बायकांनी तेव्हा केले. बाईच्या विश्रांतीला त्यांनी हक्क म्हटलं. आपण अजून तिला लाड म्हणतो.

पहिल्या आक्षेपाचं उत्तरही यातच आहे. साच्यात बसण्यासाठी कुणी ही शस्त्रक्रिया करून घेऊ नये, आणि आजारासाठी करून घेतली तर मैत्रिणींनी तिला चळवळीतून उतरल्यासारखं वागवू नये. तिच्याकडं पाहून "आजारी दिसतेस" म्हणू नये आणि "किती छान दिसतेस" असंही नको. "आज काय खाल्लंस?" हे विचारावं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.

गावोगावच्या गटांना एक विनंती आहे. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं कालच्या दिवसाचं सांगावं: मी किती वाजता जेवले, कितवी जेवले, बसून की उभ्यानं, ताजं की शिळं, आणि माझ्या वाटीत डाळ किती होती. लिहून काढा आणि आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात आपण ते नावं न देता छापू. शस्त्रक्रिया झालेली एखादी मैत्रीण तुमच्यात असेल तर त्या बैठकीत तिचं पान आधी वाढा. नसेल तर ज्या कुणाला आज सकाळपासून खायला वेळ झाला नाही, तिचं.